हिरा मोकळी कुठं पळणार? (जुळे सोलापूर, दहा गुंठे आणि एक अर्ज)

जुळेकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे दोन वर्षांची कारवानी जातीची कुत्री आहे, नाव हिरा. कारवानी ज्यांनी पाळलीय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की हे जनावर पळण्यासाठीच जन्माला आलेलं आहे. साखळीला धरून दोन किलोमीटर फिरवलं की मी दमतो, ती नाही. घरी येऊन सोफ्याभोवती चकरा मारते आणि आईची बोलणी मी खातो. "कुत्रं पाळायचं तर आधी शेत घ्यायचं" हे तिचं ठरलेलं वाक्य. तिचं चुकत नाही, पण शेत घ्यायची ऐपत असती तर इथं कशाला लिहीत बसलो असतो.

आमच्या लेआउटमध्ये एक खुली जागा आहे. नकाशात ती हिरवी आहे. प्रत्यक्षात तिथं वेडी बाभूळ, बांधकामाचा राडारोडा आणि गणपती उलटून गेले तरी पडलेले मंडपाचे बांबू. पहाटे साडेपाचला आम्ही पाच-सहा कुत्रेवाले तिथं जमतो. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकाचा लॅब्रेडॉर पट्ट्यातून निसटला आणि फिरायला आलेल्या एका काकांच्या अंगावर गेला. गेला प्रेमानंच, पण पस्तीस किलोचं प्रेम. काका पडले. लागलं नाही, मात्र नंतर जी बोलाचाली झाली ती इथं लिहिण्यासारखी नाही. आठवडा गेला नाही तोच जवळच्या एका बागेच्या फाटकावर 'कुत्र्यांना सक्त मनाई' अशी नवी पाटी लागली.

काकांचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून विचारतोय. मोठ्या शहरांत डॉग पार्क म्हणून कुंपण घातलेली जागा असते, आत कुत्री मोकळी, बाहेर माणसं निवांत. सोलापुरात असं काही मागायचं झालं तर सुरुवात कुठून करायची? नगरसेवकाकडून, उद्यान विभागाकडून, की सरळ इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेत, जाऊन आयुक्तांना निवेदन द्यायचं? 'आधी माणसांचं बघा' असा प्रतिसाद येणार हे माहीत आहे. आला तरी चालेल.

पूर्वभागवाला

आधी माणसांचं बघा. (तुम्हीच म्हणालाव की चालतंय म्हणून.)

न्हाई पण खरंच बोलूलालो. आमच्या अशोक चौकाकडं या एकदा. गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकानं मागं जायचं. लेकरं क्रिकेट खेळूलालेत ते कारखान्याच्या दारात, बॉल गेला की यंत्रमागाच्या शेडवर. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली जागी. माणसाला उभारायला जागा नाही आणि तुम्ही कुत्र्याला पार्क मागूलालाव बे.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणशीला नुसतं टोचून गेला. आमचे मामा हैदराबादला. तिथं कोंडापूरला महापालिकेनंच कुत्र्यांचं पार्क केलंय, २०१८ ला. मामाच्या पोरासंगं बघून आलो. १.३ एकर जागा, म्हणजे ५२ गुंठे. कोटीच्या वर खर्च. पाण्यात खेळायला हौद, उड्या मारायला साहित्य, जनावरांचा दवाखाना. आपल्याकडं माणसाच्या बागेत घसरगुंडी तुटली तर दोन वर्षं तशीच. पण एक लक्षात ठेवण्यासारखं, ती जागा आधी कचरा टाकायची होती. तुमच्या राडारोड्याची भाऊबंद.

आदित्यची_आई

मी विरोधात लिहितेय, राग मानू नका.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना शिकवणीहून येताना त्याला कुत्रं चावलं. पोटरीला. पाळलेलं की भटकं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण गळ्यात पट्टा होता पण मालक कुणीच पुढं आला नाही. सिव्हिलमध्ये इंजेक्शनं फुकट मिळाली, तो भाग नीट झाला. पण आज नऊ वर्षांचा आहे, आणि लांबून कुत्रं दिसलं तरी रस्ता ओलांडतो. गाड्या न बघता ओलांडतो, मला भीती त्याचीच आहे.

तुम्ही म्हणता त्या खुल्या जागेवर उद्या वीस कुत्री जमणार. ती तिथं येणार कशी आणि जाणार कशी? रस्त्यानंच ना? कुंपण आतल्या कुत्र्याला आहे, वाटेवरच्या कुत्र्याला नाही. याचं उत्तर कुणी देत असेल तर पुढचं ऐकते.

जुळेकर

@आदित्यची_आई, राग नाही. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. विचार करून लिहितो.

कट्ट्यावरचा

होम मैदान घ्या की! शहराच्या मध्यात, भलंमोठं.

पूर्वभागवाला

आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पाळणे कुठं लावायचे, तुमच्या गच्चीवर? भुईकोटाचा खंदक पण सुचवू नका, ते केंद्रीय पुरातत्त्वकडं आहे.

निवृत्त_आरेखक

नगररचनेत नोकरी झाली, आता घरी आहे. कुत्रं नाही, मांजरही नाही, त्यामुळे माझा कुणाकडं कल नाही. जुळेकरांनी प्रश्न सरळ विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, अर्जात 'डॉग पार्क' हा शब्द घालू नका. विकास आराखड्यात त्या नावाचं आरक्षण नसतं. 'नवीन आरक्षण टाका' म्हणालात की प्रकरण १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ मध्ये जातं. म्हणजे फेरबदलाचा प्रस्ताव, हरकती-सूचना, सुनावणी, शासनाची मंजुरी. तोपर्यंत हिराची नातवंडं म्हातारी होतील. त्याऐवजी जी जागा आधीच खुली जागा किंवा बाग म्हणून आहे, तिच्याच एका कोपऱ्याला कुंपण आणि ठरावीक वेळा, एवढंच मागा. वापर करमणुकीचाच राहतो, आरक्षण बदलत नाही. शेड, खोली, टपरी असलं काही मागू नका. पक्कं बांधकाम म्हटलं की फाईल तीन टेबलं जास्त फिरते.

दुसरी गोष्ट, जागा कुणाची ते आधी बघा. नव्वद टक्के मंडळी इथंच फसतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणं ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर किंवा त्याहून मोठं रेखांकन (लेआउट) असेल तर दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. जुन्या नियमांतही साधारण हाच दंडक होता. पण सोडलेली जागा महापालिकेच्या नावावर झालीच असं नाही. कुठं सोसायटीच्या नावावर असते, कुठं सातबाऱ्यावर अजून मूळ मालकच, आणि त्याचे वारस कोर्टात. महापालिकेची नसेल तर तिथं महापालिकेचा पैसा पडणार नाही, आणि सोसायटीची असेल तर तुम्हाला आयुक्तांकडे जायची गरजच नाही, सर्वसाधारण सभेत ठराव करा.

हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळे त्यात निबंध नको. दोनच ओळी: अमुक गटातल्या मंजूर रेखांकनाची प्रत, आणि त्यातली खुली जागा हस्तांतरित झाल्याच्या नोंदीची प्रत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

तिसरी, लोकशाही दिनात जाऊ नका. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, लोक हौसेनं पन्नास सह्या घेऊन जातात आणि परत येतात, कारण तिथं वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार चालते. सामूहिक मागणीला ती जागा नाही.

चौथी, वेळ. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते. मार्चमध्ये निवेदन घेऊन गेलात तर लोक चहा पाजतात, पण ते वर्ष गेलेलं असतं.

आणि 'कुत्र्यांचं काम महापालिकेचं आहे का' असं कुणी विचारलंच, तर घटनेची बारावी अनुसूची दाखवा. ७४ व्या दुरुस्तीनं आलेली, अठरा विषयांची यादी. त्यात बागा आणि क्रीडांगणं आहेत, आणि कोंडवाडे व प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हेही आहे. भांडण म्हणून दाखवू नका, अर्जात एक ओळ टाका, पुरे.

जुळेकर

साहेब, दंडवत. हे छापून भिंतीवर लावतोय.

कारवानी७७

जुळेकर, हिराचा फोटो टाका की. मुधोळची की आपल्या मंगळवेढ्याकडची?

माझ्याकडे तीन होत्या, आता एक. एक कबुली देतो, कुणी शिव्या दिल्या तरी ऐकून घेईन. आठ-दहा वर्षांपूर्वी आम्ही चार जण रविवारी कुत्री गाडीत घालून नान्नजच्या बाजूला माळावर सोडायचो. सपाट माळ, लांबवर काही नाही, कुत्री अशी पळायची की डोळ्याचं पारणं फिटावं. एकदा काळवीट उठलं आणि तिन्ही त्याच्यामागं. हाक मारून कारवानी परत येत नाही, वास घेऊन नाही तर बघून पळणारं कुत्रं ते. नशीब, काळवीटच जास्त पळपुटं निघालं. नंतर वनखात्यातल्या ओळखीच्या माणसानं बसवून समजावलं. ते माळढोक अभयारण्य, १९७९ पासूनचं, १९७२ चा कायदा लागू. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, एका वेळी बहुधा एकच. मोकळं कुत्रं तिथून नुसतं पळत गेलं तरी पक्षी उठतो. मी त्या दिवसापासून बंद केलं, पण आजही लोक जातात. का जातात? शहरात सोडायला जागा नाही म्हणून. निवेदनात हा मुद्दा घाला. कुंपणाची जागा ही माळाच्याही फायद्याची आहे.

कुंपणाचं: चार फूट चालणार नाही. हिरा ते बसल्या जागेवरून ओलांडेल. सहा फूट जाळी हवी. आणि आपली काळी माती लक्षात घ्या. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, आणि वरवर रोवलेले खांब दोन वर्षांत दारुड्यासारखे झुकतात. खड्डा खोल घ्यायचा, काळी माती काढून मुरूम भरायचा, मग काँक्रीट. आतही वर मुरूमच टाका, नाहीतर जुलैत प्रत्येक कुत्र्याच्या पायाला अर्धा किलो चिखल घेऊन घरी जाल.

बेएरियाकर

मूळचा रेल्वे लाईन्सचा, आता कॅलिफोर्नियात. इथल्या बर्कलीतलं ओलोन डॉग पार्क हे अमेरिकेतलं पहिलं मानतात, १९७९ चं. (कारवानी७७, तुमच्या माळढोकाचंच साल!) गंमत म्हणजे ती काही मुद्दाम घेतलेली जागा नाही. जमिनीखालून रेल्वे नेताना मोकळा झालेला पट्टा होता, त्यातला एक तुकडा प्रयोग म्हणून दिला. प्रयोग टिकला कारण आसपासच्या कुत्रेवाल्यांनी मंडळ करून देखभाल अंगावर घेतली.

इथल्या केनेल क्लबचं सांगणं असं, की जागा एक एकर किंवा जास्त असावी, कुंपण चार ते सहा फुटी, लहान-मोठ्या कुत्र्यांना वेगळे भाग, सावली, पाणी, झाकणाचे कचऱ्याचे डबे आणि दुहेरी फाटक. एकराचा आग्रह सोलापुरात सोडा, पण दुहेरी फाटक सोडू नका. पहिल्या फाटकातून आत आलात की ते लावायचं, मधल्या खोक्यात साखळी काढायची, मग दुसरं उघडायचं. निसटलेलं कुत्रं रस्त्यावर जातच नाही. तुमच्या लॅबच्या काकांचं प्रकरण त्या खोक्यात मिटलं असतं.

डॉक्टर_गुरांचे

मी पशुवैद्य. लोक उत्साहात विसरतात ते लिहितो.

पिलू लगेच आणायचं नाही. पार्वो, डिस्टेंपर या आजारांच्या लसीचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, ते पूर्ण झाल्याशिवाय जिथं दहा कुत्री येतात तिथल्या मातीला नाक लावू द्यायचं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग बूस्टर, मग दरवर्षी. माजावर आलेली कुत्री आणायची नाही, हे फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहा. सगळ्यात जास्त मारामाऱ्या त्यावरून आणि चेंडूवरून होतात. खायला काही आणायचं नाही. गोचिडांचं औषध वेळच्या वेळी, आपल्याकडे गोचिडताप बारमाही आहे.

वेळ सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यालाही सोसत नाही. सावलीला लिंब आणि करंज लावा, पण झाड वाढेपर्यंत हिरवी जाळी.

चावलंच कुणाला, कुत्रं पाळलेलं असो, लस झालेली असो: जखम वाहत्या पाण्यानं साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण इंजेक्शन त्यासाठी थांबवू नका.

गल्लीतली_ताई

सगळं वाचलं. छान. पण हे सगळं पट्टेवाल्यांसाठी. मी रोज रात्री आमच्या भागातल्या चौदा भटक्या कुत्र्यांना भाकरी-दूध घालते, त्यातल्या अकरांची नसबंदी मी स्वतः मागं लागून करून घेतलीय. त्या खुल्या जागेवर आत्ता चार राहतात. तुम्ही कुंपण घालणार म्हणजे त्यांना हाकलणार. लॅब्रेडॉरला करमणूक आणि गावठी कुत्र्याला दगड, असंच ना?

पूर्वभागवाला

ताई, पॉइंट आहे.

निवृत्त_आरेखक

ताईंचा प्रश्न टाळून अर्ज गेला तर तो तिथंच अडकेल, म्हणून स्पष्ट लिहितो. सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ चे दोन आदेश समोर ठेवा. २२ ऑगस्टचा: नसबंदी, लसीकरण करून कुत्री होती तिथंच परत सोडायची, रेबीजची लागण झालेली किंवा आक्रमक सोडून. आणि खाऊ घालायला प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा, रस्त्यात कुठंही नाही. ७ नोव्हेंबरचा: शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायची आणि परत तिथं सोडायची नाहीत.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. एक, शाळेला किंवा मैदानाला लागून जागा मागू नका, कुणीही हरकत घेईल. दोन, खाऊ घालण्याची जागा ही वेगळी मागणी आहे आणि तिला न्यायालयाच्या आदेशाचा आधार आहे, तुमच्या कुंपणाला नाही. दोन मागण्या एकाच अर्जात कोंबू नका. पण दोन अर्ज एकाच दिवशी, एकमेकांचा उल्लेख करून देता येतात.

गल्लीतली_ताई

म्हणजे माझा अर्ज तुमच्यापेक्षा भक्कम. हे आवडलं. पण त्या चार कुत्र्यांचं काय ते जुळेकरांनी सांगावं.

जुळेकर

ताई, काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो होतो. सगळी जागा साधारण चोवीस गुंठे भरते. आम्हाला दहा पुरतील, म्हणजे १०,८९० चौरस फूट, कुंपण सव्वाचारशे फुटांच्या आसपास. तुमची चार असतात ती पूर्वेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. आम्ही पश्चिमेचा भाग मागतो. मधली जागा चालणाऱ्यांना. हाकलायचं कुणालाच नाही. आणि तुम्ही एकदा सकाळी या, तुमची चार आणि आमची सहा एकमेकांना ओळखतात हे तुम्हाला दिसेल. हिराला तर तुमचा तो एक कान फाटलेला फार आवडतो.

गल्लीतली_ताई

त्याचं नाव मुनीम आहे. येते.

जुळेकर

*(पाच आठवड्यांनी)*

धागा वर काढतोय. काय काय झालं ते सांगतो, चुकांसकट.

आरेखकसाहेबांनी सांगूनही मी आधी सह्यांच्या मागं लागलो. उत्साह. आमच्या सहाही जणांनी कुत्री बरोबर घेऊन दारोदार जायचं ठरवलं, आणि ती सगळ्यात मोठी चूक. दार उघडलं की समोर जीभ काढून उभा असलेला लॅब. चाळीस घरांत नऊ सह्या. पुढच्या रविवारी कुत्री घरी ठेवून, आईला बरोबर घेऊन गेलो. (तिच्या अटी: चहा दुसऱ्यांच्या घरी घ्यायचा नाही, आणि हिराचे केस सोफ्यावर दिसता कामा नयेत.) आई प्रत्येक दारात हेच सांगायची, "कुत्रं याचं आहे, मला आवडत नाही, पण ते कुंपणात गेलं तर माझं घर सुटेल." त्याच चाळीस घरांत एकतीस सह्या.

पडलेल्या काकांकडेही गेलो. त्यांनी सही केली नाही. पण दोन तास बोलले, त्यातले दीड तास कुत्र्यांबद्दल नव्हतेच. जाताना म्हणाले, मधला चालायचा रस्ता सपाट करून घेणार असाल तर पुन्हा या. तो मुद्दा घातला. सही अजून नाही.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं, अठ्ठाविसाव्या दिवशी. जागा महापालिकेकडे हस्तांतरित आहे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्ल्ड कप जिंकल्यासारखा धुडगूस.

आणि @आदित्यची_आई, तुमच्या प्रश्नावर मी खरंच विचार केला. वाटेवरच्या कुत्र्याचं उत्तर कुंपणात नाही, आमच्या वागण्यात आहे. आम्ही असं ठरवलंय: येता-जाता साखळी चार फुटांच्या आत, पट्ट्यावर घराचा फोन नंबर, महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड असल्याशिवाय आमच्यात कुणाला घ्यायचं नाही. पण हे पुरेसं आहे का ते तुम्हीच सांगा. अर्ज अजून दिलेला नाही, तुमच्यासाठी थांबलोय.

आदित्यची_आई

थांबलात हे वाचून बरं वाटलं. माझ्या अटी लिहून घ्या, जशाच्या तशा.

फाटक दक्षिणेला ठेवू नका, तिकडून मुलं सायकलवर येतात. उत्तरेच्या रस्त्याला ठेवा. सकाळी सात ते साडेसात शाळेच्या रिक्षांची वेळ, त्या अर्ध्या तासात कुणी कुत्रं आत-बाहेर करायचं नाही, आत असेल ते आतच. कुंपणाबाहेर मुलाला दिसेल अशी पाटी, की 'कुत्रा जवळ आला तर पळू नका, झाडासारखे उभे राहा'. मोठी माणसं सांगतात त्यापेक्षा मुलं पाटीवर जास्त विश्वास ठेवतात. आणि विष्ठा ज्याची त्यानं उचलायची, कागदात, 'माती आहे जिरेल' हे चालणार नाही.

आणि एकदा आदित्यला घेऊन येईन. कुंपणाच्या बाहेर उभा राहील. आत काय चाललंय ते त्याला बाहेरून, सुरक्षित बघायचंय असं तोच म्हणाला, मी नाही.

डॉक्टर_गुरांचे

या बाईंना समितीत घ्या.

हिशेबनीस

पैशाचं कुणीच बोलत नाही म्हणून बोलतो. कंपन्यांच्या सामाजिक खर्चात प्राणी कल्याण बसतं, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ते स्पष्ट आहे. पण कुठलीही कंपनी व्हॉट्सअॅप ग्रुपला पैसे देत नाही. नोंदणीकृत संस्था लागते. सात सभासद जमले की संस्था नोंदवता येते, पुढं धर्मादाय कार्यालय, वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण. हे सगळं करायची तयारी नसेल तर आधीच चालू असलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेला बरोबर घ्या. कुंपण महापालिकेकडे मागा, पाटी, डबे, झाडं, जाळी स्वतः करा. सगळंच मागितलं तर काहीच मिळत नाही.

पूर्वभागवाला

माझं एक म्हणणं. अर्जात लिहा की हा एक प्रयोग आहे, एक वर्षाचा, आणि जमला तर पूर्व भागात पण करा. आमच्याकडं पण कुत्री आहेत बे. जागा न्हाई म्हणून मागत न्हाई, एवढंच. माझी स्वतःची एक पॉमेरियन आहे, आता लाज कशाला, सांगून टाकतो. बायकोची आहे.

कारवानी७७

पॉमेरियन!! आणि पहिला प्रतिसाद काय होता?

जुळेकर

*(आणखी नऊ दिवसांनी)*

अर्ज दिला. दीड पान. सोबत रेखांकनाची प्रत, टेपनं मोजलेला कच्चा नकाशा, सह्या, आणि आदित्यच्या आईच्या अटी वेगळ्या कागदावर, 'आम्हाला मान्य आहेत' असं लिहून सहा जणांच्या सह्यांनिशी. ताईंचा खाऊच्या जागेचा अर्ज त्याच दिवशी, त्याच खिडकीवर. मागणी एवढीच: पश्चिमेच्या दहा गुंठ्यांना सहा फुटी जाळी, दुहेरी फाटक, एक वर्ष प्रायोगिक, रोजची देखभाल आमची, तक्रारी वाढल्या तर कुंपण तसंच ठेवून जागा लहान मुलांना द्यावी. हे शेवटचं आरेखकसाहेबांच्या डोक्यातून आलं. समोरचे साहेब ते वाक्य वाचून पहिल्यांदा वर बघून बोलले.

अभिप्रायासाठी पुढं पाठवतो म्हणाले. बघू.

तोवर या रविवारी सकाळी साडेसहाला राडारोडा आणि मंडपाचे बांबू एका बाजूला करतोय. हातमोजे आणा. बाभळीसाठी कोयते आणायचे का?

निवृत्त_आरेखक

आवक क्रमांक टाकलेल्या प्रतीचा फोटो काढून ठेवा, मूळ कागद कुणालाच देऊ नका. कोयते आणू नका. वेडी बाभूळ असली तरी झाड आहे, १९७५ चा वृक्षतोडीचा कायदा तिलाही लागू. पडलेल्या काट्या उचला, खोडाला हात लावायचा नाही. तोडायची परवानगी वेगळी मागू.

पूर्वभागवाला

मी येऊलालो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडून. पॉमेरियन येणार न्हाई, तिला उठवत न्हाई.

आदित्यची_आई

आम्ही पावणेसातला येतो. हिराला कुठं बांधणार आहात तेवढं आधी सांगा. आदित्य विचारतोय, साखळी किती फुटांची आहे.

जुळेकर

टाकीच्या विरुद्ध बाजूच्या खांबाला. चार फूट. मोजून ठेवतो, टेप घेऊन या म्हणावं त्याला.